पुरे म्हणायची जागा

आई, तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. तू होतीस तेव्हाही लिहीत नव्हते म्हणा. आपण दोघी एकाच गावात राहिलो, तुलसी नगरहून बरखेड्याला यायला मिनी बसने फार तर पाऊण तास लागायचा, मग पत्र कशाला लिहायचं. आज रविवार आहे. तुझे जावई भाजी आणायला गेलेत, घरात कोणी नाही, आणि गेल्या तीन-चार महिन्यांत जे झालं ते सांगायला मला दुसरं कोणी सुचत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तू उगाच मनाला लावून घेतेस. तू तसं म्हणणार नाहीस. तू सगळं ऐकून घेशील, मग एखादंच वाक्य बोलशील, आणि ते मला पुढची वीस वर्षं पुरेल.

सध्या मला सारखं तुझं दवाखान्यातलं स्वयंपाकघर आठवतं. कारखान्याच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होतं ते, धोबीखान्याला लागून. बाबा कारखान्यात लेथवर आणि तू तिथे, रुग्णांच्या जेवणाची देखरेख करायला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी एकटी नको म्हणून तू मला बरोबर न्यायचीस. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. दारापाशी एक फळा होता आणि त्यावर तुझ्या गोल अक्षरात हिंदीत लिहिलेलं असायचं, ‘बिना नमक’, ‘बिना शक्कर’, ‘पतला’, ‘सादा’, आणि प्रत्येकाखाली खाटांचे नंबर. दहा वाजेपर्यंत कणकेचा आणि उकळत्या डाळीचा वास सगळ्या व्हरांड्यात भरून जायचा. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कोथिंबीर निवडायचे. साडेअकराला ताटांच्या गाड्या वॉर्डांकडे निघाल्या की बाकीच्या बायका पंख्याखाली बसायच्या, तू मात्र बसायची नाहीस. तासाभराने तू स्वतः वॉर्डात जायचीस आणि परत येणारी ताटं बघायचीस. कोणी काय टाकलं, किती टाकलं. भरलेलं ताट परत आलं की तुझा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा व्हायचा.

तो फिटर तुला आठवत असेल. सागर जिल्ह्याकडचा, उंच, मोठ्या मिशांचा. हृदयाचं दुखणं आणि पाय सुजलेले, म्हणून फळ्यावर बिना नमकच्या खाली त्याचा नंबर. तीन दिवस त्याचं ताट जसंच्या तसं परत आलं. चौथ्या दिवशी तू मला घेऊन त्याच्या खाटेपाशी गेलीस.

“खाना क्यों वापस करते हो?” तू विचारलंस. तुझी हिंदी शेवटपर्यंत मराठीच राहिली.

“बहनजी, ये खाना है कि सज़ा?” तो म्हणाला. “न नमक, न स्वाद. इससे तो भूखे भले.”

मला वाटलं तू रागावशील. तू त्याच्या खाटेच्या कडेला बसलीस आणि विचारलंस, घरी आई काय करायची, तापाबिपातून उठल्यावर काय द्यायची. त्याने बराच वेळ आठवून सांगितलं, महेरी. ज्वारीचा दलिया ताकात शिजवलेला. तू हसलीस. आमच्या वऱ्हाडात याला ताकातल्या कण्या म्हणतात, असं तू त्याला सांगितलंस, आणि ते ऐकून त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. दुसऱ्या दिवशी तू बरखेड्याच्या चक्कीवरून ज्वारी भरडून आणलीस. आंबट ताक, थोड्याशा तेलात लालसर झालेला लसूण, भाजून हाताने चुरलेलं जिरं, वरून मी निवडलेली कोथिंबीर. मिठाचा कण नाही. तू गाडीबरोबर ती वाटी न पाठवता स्वतः घेऊन गेलीस, आणि मी तुझ्या पदराआडून बघत होते. त्याने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, मग बोटांनी वाटी पुसून खाल्ली. तू अजून हवं का विचारलंस तर पोटावर हात ठेवून म्हणाला, “बस बहनजी, भर गया.” परत येताना तू एकदम हलकी चालत होतीस. मला म्हणालीस, “बघ, मिठासाठी अडलं नव्हतं त्याचं. त्याला त्याच्या घरचं काहीतरी हवं होतं.”

मी तुझ्याच व्यवसायात आले असं मी पुढे सगळ्यांना सांगत राहिले, ते त्या वाटीमुळे. चव कशाने होते, मीठ नसताना जीभ कशी फसते, आंबट कुठे लागतं आणि भाजल्याचा वास कुठे पोचतो, हे मला शिकायचं होतं. शिकलेही. शिक्षण संपलं तेव्हा मंडीदीपला पाकिटातला खाऊ करणारी कंपनी निघाली होती आणि त्यांना मसाले जुळवणारं माणूस हवं होतं. रुजू झाले त्या दिवशी तू मला तीन पुडांचा नवा डबा दिलास. वरच्या पुडात पोळी, मधल्यात भाजी, खाली वरण-भात. पहिल्या आठवड्यात रोज तो डबा अर्ध्याहून जास्त भरलेला परत आला. कारण दिवसभर मी चाखत असायचे, पन्नास नमुन्यांवरून जीभ फिरवायची, थुंकायचं, पाणी प्यायचं, पुन्हा चाखायचं. दुपारी भूक म्हणून काही राहायचीच नाही. तू डबा उघडून बघायचीस, पूर्वी ताटं बघायचीस तशी. महिन्याभराने मी डबा न्यायचं बंद केलं.

मग ते पाकीट बाजारात आलं. मक्याच्या फुगवलेल्या कांड्या आणि त्यांच्यावर उडवलेली लालसर पावडर. पावडर माझी होती. टोमॅटो, कांदा, लसूण, आंबटपणासाठी एक क्षार, साखर, मीठ, आणि मंद आचेवर शिजलेल्या रश्शासारखी चव देणारी आणखी एक-दोन नावं, जी मी तुला कधी नीट सांगितली नाहीत. दोन वर्षं लागली होती त्याला. पहिलं पाकीट मी रविवारी बरखेड्याला घेऊन आले. तू स्वयंपाकघरात जमिनीवर मेथी निवडत बसली होतीस. बाबा बाहेर पेपर वाचत होते. मी पाकीट फोडून तुझ्यापुढे धरलं. तू हात पदराला पुसलास, एक कांडी घेतलीस. मग दुसरी. तिसरी. तू मेथी बाजूला सारलीस. मी नुसती बघते आहे, आणि मला आतून उकळ्या फुटताहेत. पाकीट संपलं. तू तळाशी राहिलेली पावडर बोटाला लावून चाटलीस, आणि मग त्या बोटाकडे बघत राहिलीस.

“कसं आहे?” मी विचारलं.

“मला थांबता आलं नाही,” तू म्हणालीस.

मी हसले. मला वाटलं, याहून मोठं कौतुक नाही.

“अगं, हसू नकोस. मी काय म्हणते ते ऐक. मला भूक नव्हती. आत्ता अर्ध्या तासापूर्वी पोहे खाल्लेत मी. तरी मी आख्खं पाकीट संपवलं, आणि आत्ता विचारशील तर पोटात काही गेल्यासारखंही वाटत नाहीये. चावायला लागत नाही, तोंडात विरून जातं. तू यात पुरे म्हणायची जागाच ठेवली नाहीस.”

“तेच तर जमवलंय आम्ही,” मी म्हणाले. मला ते तेव्हा खरोखर अभिमानाने म्हणता आलं.

“माणसाने पोटावर हात ठेवून बस म्हटलं की माझं काम झालं,” तू म्हणालीस. “तुझ्याकडे माणूस बस म्हणाला की तू नापास. हे काम वेगळं आहे, बाई. माझं आणि तुझं एक नाही.”

मला राग आला. मी म्हणाले, तुझ्या दवाखान्यात लोक जेवतात कारण त्यांना दुसरा इलाज नसतो, माझा माल लोक खुशीने विकत घेतात. तू मान हलवलीस, “हो, हे खरं आहे,” असं म्हणालीस, आणि पुन्हा मेथी पुढे ओढलीस. मला वाटलं होतं तू वाद घालशील. वाद घातला असतास तर मी जिंकले असते. नंतर तू त्या विषयावर कधी बोलली नाहीस आणि पुन्हा कधी त्या पाकिटाला हातही लावला नाहीस.

बाबा गेल्यावर तू आमच्याकडे तुलसी नगरला राहायला आलीस. तुझी नात तेव्हा चार-पाच वर्षांची. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी ती डब्यातलं पाकीट शोधायची. घरात ती पाकिटं असायचीच, कंपनीतून मिळायची. तू चारच्या सुमाराला तिच्यासाठी काही ना काही करायचीस, कधी काकडीचं थालीपीठ, कधी तुपावर परतलेल्या शेवया, कधी नुसती गरम पोळी गूळ-तूप लावून. ती दोन घास खायची आणि म्हणायची, “आजी, ये बोरिंग है.” तू तिला कधी रागावली नाहीस. एकदा मी कामावरून आले तर तू ओट्यापाशी उभी होतीस, ताटलीत गार झालेलं थालीपीठ. तू म्हणालीस, “तुम्ही तिकडे चाळीस जण बसून एक चव करता. मी इथे एकटी आहे.” तू ते तक्रार म्हणूनही म्हणाली नाहीस. हवा गरम आहे असं म्हणावं तसं म्हणालीस. मी पर्स ठेवली आणि आंघोळीला निघून गेले.

तुझी नात आता पुण्यात नोकरी करते. मागच्या महिन्यात आली होती. हबीबगंजचं नाव आता बदललंय, स्टेशन तर तुला ओळखूच येणार नाही, विमानतळासारखं काचेचं आहे. घरी पोचायच्या आधीच तिने फोनवरून जेवण मागवलं होतं. तिच्यासाठी बर्गर, तिच्या बाबांसाठी नूडल्स, माझ्यासाठी काहीतरी पालेभाजीचं, ‘आईला आवडतं’ म्हणून. तिघांची तीन खोकी, तिघं तीन वेळेला खाऊन मोकळे. जेवायला चला अशी हाक आमच्या घरात शेवटची कधी ऐकू आली ते मला आठवत नाही. कुकर आहे, पोळपाट आहे, कधीकधी लागतातही. पण पूर्वी रोज ठरल्या वेळेला भूक लागायची, तसं आता होत नाही. दिवसभर थोडं थोडं काहीतरी तोंडात असतं आणि जेवायची वेळ अशी वेगळी येतच नाही. मी हे दुसऱ्या कोणाबद्दल बोलत नाहीये. माझ्या टेबलाच्या खणातही बिस्किटं आहेत.

जे झालं ते असं. थंडीच्या सुरुवातीला आमच्या कंपनीत कामगारांच्या मुलांची तपासणी ठेवली होती. फाटकाजवळ मांडव, एक डॉक्टर, वजनकाटा. मला तिथे नुसतं उभं राहायला सांगितलं होतं, मोठ्या हुद्द्यावरचं कोणीतरी असावं म्हणून. पाकिटं भरायच्या विभागातली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. मुलगा अडीच वर्षांचा, पण तुला दाखवला असता तर तू दीड म्हणाली असतीस. केस तांबूस, विरळ. रडत नव्हता, काही मागत नव्हता, आईच्या खांद्यावर मान टाकून होता. डॉक्टरने वजन बघितलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि विचारलं, खाता क्या है?

ती माझ्याकडे बघून हसली. ओळखीचं, जरा अभिमानाचं हसू. “मॅडमवाला ही खाता है,” ती म्हणाली. “सुबह चाय में डुबोके, दोपहर को सूखा. और कुछ मुँह में लेता ही नहीं.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी मुलाकडे बघत होते. त्याच्या बोटांना लालसर रंग होता, आई. पावडरचा.

मी तिला बाजूला घेतलं. आवाज चढला असावा माझा, कारण तिचं हसू गेलं. मी म्हणाले, अगं, हे लहान मुलाचं जेवण नाही, तू घरी खिचडी का नाही करत. तिने मान खाली घातली नाही. “मॅडम, छह बजे की पाली है. पाँच बजे बस आती है. चूल्हा जलाऊँ कि बस पकड़ूँ? सास को दिखता नहीं, वो आग के पास जाए तो डर लगता है. पैकेट तो वो टटोल के भी खोल लेती है.” मग म्हणाली, “और ये रोता नहीं है इससे.” मी कांडी तोंडात विरघळावी म्हणून दोन वर्षं घालवली होती. आंधळी आजी निर्धास्तपणे नातवाला भरवू शकेल असा तो खाऊ होता, घशात अडकायची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी कंपनीच्या बसने घरी न येता तिच्या खोलीवर गेले. कारखान्यांच्या मागे खोल्यांची रांग आहे, त्यातली शेवटून दुसरी. मी डब्यात मऊ खिचडी नेली होती, मूग जास्त घालून, तूप घालून. तिला वाटलं मी चौकशीला आलेय आणि तिचं काम जाणार. तिची समजूत घालण्यातच पहिला दिवस गेला. मुलाने खिचडी जिभेनेच बाहेर ढकलली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी जिरं घातलं, लिंबू पिळलं, तू करायचीस तसं सगळं केलं. त्याने तोंडच उघडलं नाही. बसून राहिले तिथे, वाटी हातात, आणि तुझा तो प्रश्न आठवला, घरी आई काय करायची. त्या फिटरला आठवायला महेरी होती. या मुलाला काय आठवणार. त्याच्या घरची चव म्हणजे माझी पावडर. जन्मल्यापासून त्याने दुसरी जाणलेलीच नाही.

म्हणून चौथ्या दिवशी मी ती पावडर घेऊन गेले. लहानशा बाटलीत, प्रयोगशाळेतून. खिचडीवर भुरभुरवली, पाकिटातल्याइतकीच लाल दिसेल अशी. त्याने वास घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या ओळखीची निघाले. सात-आठ घास खाल्ले त्याने. तिच्या सासूने ऐकून विचारलं, “खा रहा है क्या?” आणि तिची सून नुसती “हाँ अम्मा” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग मी दर दोन दिवसांनी पावडर थोडी थोडी कमी करत गेले. कधी त्याला कळायचं आणि तो हट्टाने मान फिरवायचा, मग पुन्हा एक पायरी मागे. तीन आठवडे मी रोज गेले. ह्यांना वाटलं ऑफिसात काम वाढलंय. शेवटी शेवटी त्या खिचडीत नुसती हळद आणि तूप होतं आणि तो ती खात होता. एके दिवशी निम्मी वाटी झाल्यावर त्याने चमचा हाताने बाजूला सारला आणि जमिनीवर उतरून बाहेर पळाला. त्याची आई हिरमुसली, म्हणाली आज नहीं खाया. मी तिला म्हणाले, खाल्लं, त्याचं पोट भरलं. चमचा बाजूला सारणारं मूल बघून झाला तितका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

हे ऐकून तू खूश होशील आणि म्हणून पुढचंही सांगते. आता त्याची आई आदल्या संध्याकाळी खिचडी करून झाकून ठेवते आणि सकाळी ती सासू भरवते. पण दुपारी पाकीट अजून असतंच. तिनेच मला सांगितलं, लपवलं नाही. कंपनीत मी वरच्यांना लिहून दिलं की पाकिटावरचं हसऱ्या बाळाचं चित्र काढा आणि तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापा. बैठक झाली, सगळे गंभीरपणे बोलले. चित्र राहिलं. ओळ छापली गेली, पाकिटाच्या मागच्या बाजूला, जिथे कागदाची शिवण दुमडते तिथे. पाकीट फोडताना ती ओळच आधी फाटते. मी नोकरी सोडली नाही. सोडेन असंही आज वाटत नाही. सध्या मी नव्या चवीवर काम करतेय आणि ती चांगली जमत चाललीये, तेही तुला सांगायला हवं.

हे कागद ऑफिसच्या पॅडचे आहेत, वर कंपनीचं चिन्ह छापलेलं आहे, म्हणून तुझ्या फोटोमागे ठेवायला मन होत नाही. साड्यांच्या खाली ठेवीन. ह्यांना दाखवणार नाही, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिलीये. ती बाटलीतल्या पावडरची युक्ती मला त्या खोलीत सुचली नव्हती. मी ती आधी एकदा केली होती.

तुझा शेवटचा महिना. पाय सुजलेले, डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, आणि तू स्वतः इतकी कडक की लोणच्याची बरणी दिसली तरी डोळे फिरवायचीस. पण तुला जेवण जात नव्हतं. दोन घास, आणि ताट बाजूला. मी कण्या केल्या, लिंबू पिळलं, लसूण लालसर परतला. तू “नको गं” म्हणायचीस आणि मला वाईट वाटू नये म्हणून अजून एक घास घ्यायचीस. मग एक दिवस मी प्रयोगशाळेतून ती पावडर आणली आणि तुझ्या वरणात नखाएवढी घातली. स्वतःला सांगितलं की मिठाच्या चिमटीपेक्षा यात मीठ कमीच जातं. ते खरंही होतं. तू वाटी तोंडाला लावलीस, थांबलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मग सगळं वरण प्यायलीस. “आज चांगलं झालंय,” म्हणालीस. माझ्या हातच्या स्वयंपाकाला तू तसं कधी म्हणाली नव्हतीस. नंतरचे अकरा दिवस मी रोज घातली. डॉक्टरांना सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ताटातलं मीठ सांभाळलेल्या तुला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण तू विचारलं नाहीस आणि मी बोलले नाही. त्या अकरा दिवसांत दोनदा तू वाटी पुढे करून म्हणालीस, अजून थोडं वाढ. मी वाढलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आई, आणि अजूनही वाटतं.